पाटल्या कुणी घेतल्या?

पत्र: माझं वय बावन्न. आम्ही इंदिरानगरला राहतो. सासूबाईंना नुकतीच ऐंशी पूर्ण झाली. सासरे नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये होते, ते जाऊन सहा वर्षं झाली. पंचवटीतला वाडा पाडला तेव्हापासून सासूबाई आमच्याकडे फ्लॅटमध्ये आहेत. दोन-अडीच वर्षांत त्यांचं विसरणं फार वाढलंय. जेवून अर्धा तास होत नाही तोवर 'आज मला कुणी वाढलंच नाही' म्हणतात. संध्याकाळ झाली की 'गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) जाऊन येते' म्हणून दाराशी उभ्या. मागच्या महिन्यात खरंच निघून गेल्या, इथल्या द्वारका चौकाजवळ एका रिक्षावाल्याला सापडल्या. सासऱ्यांबद्दल 'हे कुठे आहेत?' म्हणून रोज विचारतात. माझे मिस्टर रोज सांगतात, 'आई, बाबा गेले ना', आणि त्या रोज रडतात. आंघोळीला तयार होत नाहीत. आता शेजारणींना सांगतात की सुनेनं माझ्या पाटल्या चोरल्या. मिस्टर म्हणतात, वयोमानाने होतंच. नणंद ठाण्याहून दोन दिवस आल्या आणि म्हणाल्या, 'आई तर छान बोलते, तूच बाऊ करतेस.' त्यांना हॉल घेऊन आईंचं सहस्रचंद्रदर्शन करायचंय. मागच्या आठवड्यात आंघोळीवरून माझा हात उगारला गेला. मारलं नाही. पण त्या रात्री मनात आलं, या सुटल्या तर बरं. हे पाप आहे का? मी काय करू? – एक सून, नाशिक

नमस्कार ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बाकीचं सगळं पत्र तुम्ही त्या एका ओळीपर्यंत यायला लिहिलंय, असं वाचताना वाटलं.

'सुटल्या तर बरं' असं मनात येणं पाप नाही. असं दुखणं ज्या घरात वर्षानुवर्षं चालतं तिथे कुणा ना कुणाच्या मनात ते येऊन जातं. लेकीच्याही येतं, पोटच्या मुलाच्याही येतं. सून आहात म्हणून तुम्ही स्वतःला जास्त धारेवर धरताय. देवापुढे दिवा लावताना माफी मागायची असेल तर खुशाल मागा, पण त्यापायी झोप घालवू नका. तुम्हाला आधीच ती पुरत नसणार.

हात उगारला गेला, ती गोष्ट मात्र निराळी आणि ती मी हलक्यात घेणार नाही. ऐंशीच्या बाईचा ओल्या फरशीवर पाय सरकला की खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही, आणि त्यानंतरचं अंथरूण सुटेलच असं नसतं. पुन्हा तशी वेळ आली तर गिझर बंद करा, आईंच्या अंगावर पंचा टाका, त्यांना बाहेर आणून पलंगावर बसवा आणि तुम्ही गॅलरीत जाऊन उभ्या राहा. आंघोळ राहिली तर राहिली. त्याच दिवशी मिस्टरांना सांगा, 'आज माझा हात उगारला गेला.' याच शब्दांत सांगा. 'मी दमले' हे वाक्य बायका घरात इतक्यांदा म्हणतात की ते कुणाच्या कानावर पडेनासं होतं. आणि रात्री-बेरात्री बोलायला कुणीच नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. चोवीस तास, फुकट आणि मराठीत बोलता येतं. तो आजारी माणसाइतकाच सांभाळणाऱ्यासाठीही आहे.

आता 'वयोमानाने होतंच'. तुमच्या मिस्टरांचं हे म्हणणं मला मान्य नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे आपल्याकडे साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आकडा मोठा आहे, पण त्याची दुसरी बाजूही मिस्टरांना दाखवा: शंभरातल्या ब्याण्णव जणांना तो नाही. वय वाढतं तसा धोका वाढतो हे खरं, पण म्हातारपण आणि हा आजार एक नव्हे. भाजीत मीठ घातलं की नाही हे विसरणं वयाचं असू शकतं. जेवून, हात धुऊन, अर्ध्या तासात 'मला वाढलंच नाही' म्हणणं वयाचं नसतं.

त्यामुळे आधी नीट तपासणी. तुमच्या पत्रात डॉक्टरांचा उल्लेखच नाही, आणि मला सगळ्यात जास्त ते खटकलं. अल्झायमर हे स्मृतिभ्रंशाचं सर्वांत जास्त आढळणारं कारण. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊन होणारा प्रकारही आपल्याकडे बराच दिसतो, त्यात रक्तदाब आणि साखर यांचा हात असतो. पण ही नावं घेण्याआधी काही साध्या गोष्टी तपासाव्या लागतात. थायरॉइड, बी-१२ (शाकाहारी घरांतून ते हमखास कमी सापडतं), सोडियम, साखर. कधीतरी पडून डोक्याला मार लागला असेल आणि आत रक्त साकळलं असेल, तर ते स्कॅनमध्ये दिसतं. म्हातारपणातलं नैराश्य पुष्कळदा विसरण्याचं सोंग घेऊन येतं, आणि सहा वर्षांत या बाईंनी नवराही गमावला आणि वाडाही. कानाला कमी येत असेल तर तेही पाहून घ्या. जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कुठून राहणार? शिवाय झोपेच्या, सर्दीच्या, लघवी धरून ठेवण्याच्या काही गोळ्यांनीही या वयात डोकं गोंधळतं, तेव्हा घरातली सगळी औषधं पिशवीत घालून सोबत न्या.

न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ, कुणाकडेही सुरुवात करता येते. खर्चाचा प्रश्न असेल तर त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल आहे, आडगावला मविप्र (मराठा विद्या प्रसारक) संस्थेचं मेडिकल कॉलेज आहे. एक काम मात्र जाण्याआधी करा. आठ-दहा दिवस रोज दोन-दोन ओळी लिहून ठेवा: काय विसरल्या, किती वाजता अस्वस्थ झाल्या, रात्री किती वेळा उठल्या, कपड्यात लघवी झाली का. तो कागद आत जाण्याआधी डॉक्टरांच्या हातात पडू दे. कारण डॉक्टरांसमोर आई पदर सावरून बसतील, 'मला काय धाड भरलीये' म्हणतील आणि चार प्रश्नांची उत्तरंही देतील. पाहुण्यांसमोर माणूस उरलंसुरलं बळ गोळा करतं. नणंदबाईंनी दोन दिवस पाहिलं ते हेच.

अल्झायमर निघाला तर डोनेपेझिल, मेमँटिन अशा गोळ्या देतात. त्यांनी आजार बरा होत नाही, काहींना काही काळ थोडा फरक पडतो. औषधाच्या दुकानातून 'मेंदूचं टॉनिक' आणू नका, आणि 'शांत राहण्याची गोळी' तर नाहीच नाही. आरडाओरडा थांबावा म्हणून जी जोरकस औषधं देतात त्यांनी अशा वृद्धांमध्ये पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. कधी कधी ती द्यावी लागतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कमी मात्रेत आणि थोड्या दिवसांसाठी. आणखी एक खूणगाठ बांधून ठेवा: स्मृतिभ्रंश हळूहळू वाढतो. परवापर्यंत बऱ्या असलेल्या आई आज एकदम बरळायला लागल्या, गुंगीत गेल्या, कुणीतरी दिसतंय म्हणून भिंतीकडे बोट दाखवू लागल्या, तर ते आजार वाढल्याचं समजून घरी बसायचं नाही. लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, छातीतला कफ, बद्धकोष्ठ यांनीही असं होतं. त्याच दिवशी डॉक्टर.

पाटल्यांकडे येते. पत्रातलं तुमचं अक्षर तिथे बदललंय.

आईंना आतून जाणवतंय की काहीतरी हातातून निसटतंय. आणि ते खरंच निसटतंय. म्हणून त्या मोलाची वस्तू जपून ठेवतात, कुठे ठेवली ते विसरतात, आणि ती नेहमीच्या जागी दिसली नाही की मेंदू उरलेली गोष्ट स्वतः रचून टाकतो: कुणीतरी नेली. कुणी? जी दिवसभर घरात असते तिने. ठाण्याच्या लेकीवर हा आळ येत नाही कारण ती त्या कपाटाच्या आसपास नसतेच. जिथे आईचं सगळं लेक करते तिथे लेक चोर ठरते, जिथे कामाची मावशी करते तिथे मावशी. हा आळ तुमच्या चारित्र्यावर नाही, तुम्ही जवळ असण्यावर आहे. हे समजल्याने तो टोचायचा थांबेल असं मी म्हणणार नाही, पण उत्तर काय द्यायचं ते तरी सुचेल.

'मी कशाला घेऊ तुमच्या पाटल्या?' हे वाक्य आजपासून बंद. त्याने वाद होतो आणि वादात तुम्ही कधीच जिंकणार नाही. 'दिसत नाहीत का? अगंबाई. चला, आपण दोघी शोधू.' असं म्हणून उठायचं. प्रत्येक घरातल्या लपवायच्या जागा ठरलेल्या असतात. हळूहळू त्या तुम्हाला पाठ होतील. तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, देव्हाऱ्याखालचा खण, जुन्या लुगड्याची घडी, पापडांच्या डब्याखालचा कागद. वस्तू सापडली तरी ती तुम्ही काढून दाखवू नका. 'आई, त्या खणात बघता का?' म्हणा आणि त्यांचाच हात त्यावर पडू दे. तुम्ही काढून दिलीत की 'बघा, हिनेच लपवली होती' हे ठरलेलं. घंटागाडीत कचरा देण्याआधी डब्यात एकदा नजर टाकायची सवयही लावून घ्या.

खऱ्या पाटल्या घरात ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. येत्या रविवारी मिस्टर आणि नणंदबाई दोघांच्या समोर त्या सराफाकडे वजन करून घ्या, वजनाच्या चिठ्ठीचा आणि पाटल्यांचा फोटो घरातल्या ग्रुपवर टाका, आणि दोघा भावंडांच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवा. तुमचं नाव त्या लॉकरवर नसलेलंच बरं. आईंच्या हातात बेन्टेक्सच्या घाला, पण जरा वजनदार बघून घ्या. आयुष्यभर सोनं वापरलेल्या हाताला हलकी वस्तू लगेच कळते. ही फसवणूक आहे असं कुणी म्हणेल. असेल. पण खऱ्या पाटल्या एक दिवस कचऱ्यात गेल्या तर त्याचा संशय आधी तुमच्यावर, मग कामवालीवर, मग कुणाकुणावर जाईल, आणि ते सगळे नाहक असतील. शेजारणींना मात्र तुम्ही स्वतः सांगा, लपवाछपवी न करता: आईंना विसरण्याचं दुखणं आहे, त्या असं बोलतात, मनावर घेऊ नका. वॉचमनला सांगा, सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगा. झाकून ठेवल्याने तुमचाच तोटा होतोय.

'हे कुठे आहेत?' या प्रश्नावर तुमच्या घरात खरं-खोट्याचा वाद आहे. मिस्टरांचा खरं बोलण्याचा आग्रह मला समजतो. त्यांचे वडील गेलेत, आणि आई त्यांची वाट बघताना बघणं सोपं नसणार. पण ही बातमी आईंच्या मेंदूत साठत नाही. म्हणून ती रोज संध्याकाळी नवी असते आणि त्या रोज संध्याकाळी नव्याने विधवा होतात. ज्या खऱ्याने दुःखाखेरीज मागे काही उरत नाही, ते रोज कशासाठी सांगायचं? उलट 'सातच्या गाडीने येतील' असं रचून सांगणंही मला पटत नाही. सात वाजता त्या दारात खुर्ची टाकून बसतील आणि तुमची रात्र जाईल. प्रश्नामागे आठवण आहे, तिला उत्तर द्या. 'आठवण आली का त्यांची? ड्यूटीवरून आले की आधी चहा लागायचा का आंघोळ?' मग त्या सांगतील, प्रेसच्या शिफ्टबद्दल, डब्याबद्दल, पगाराच्या दिवशी काय आणायचे त्याबद्दल. दहा मिनिटांत तो प्रश्न बाजूला पडलेला असतो. आणि एखाद्या दिवशी त्या थेट तुमच्याकडे बघून विचारतील, 'ते गेले ना गं?' त्या दिवशी 'हो आई, गेले' असंच म्हणायचं आणि जवळ बसायचं. तेव्हा विषय बदलायचा नाही.

गंगेवर जाण्याचं आता. दिवस मावळताना या माणसांची घालमेल वाढते, ते बहुतेक घरांत दिसतं. थकवा, अंधूक उजेड, भिंतीवरच्या सावल्या, सगळं मिळून. पण तुमच्या आईंच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्या. इंदिरानगरहून निघालेली बाई द्वारकेला सापडली, म्हणजे ती भरकटली नव्हती, पंचवटीच्या वाटेला लागली होती. पुन्हा निघून गेल्या तर आधी तीच वाट धरा: द्वारका, मग पंचवटीतली जुनी गल्ली, मग रामकुंड. एकाने शोधायला जायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने ११२ वर फोन करून जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं. चोवीस तास थांबावं लागतं हा निव्वळ गैरसमज आहे. रोज सकाळी साडी नेसून झाली की मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. त्या दिवशी कोणत्या रंगाची साडी होती हे ऐन वेळी कुणालाच आठवत नाही. ब्लाऊजच्या आतल्या बाजूला नाव आणि दोन मोबाइल नंबर लिहिलेली कापडी पट्टी शिवून टाका. चिठ्ठी त्या काढून फेकतील, पट्टी राहील. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांना आईंची ओळख करून द्या, मागच्या वेळी त्यांच्यातल्याच एकाने वाचवलंय. दाराला वरच्या बाजूला जास्तीची कडी लावा, पण त्यांना एकटीला आत कोंडून बाहेर जाऊ नका. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद.

आणि संध्याकाळची वाट न पाहता दुपारीच कामाला लागा. चारला चहा, साडेचारला खाली एक फेरी, दिवेलागणीच्या आधीच सगळे दिवे. भांडणाच्या मालिका बंद ठेवा, त्यांना ते भांडण आपल्याच घरात चाललंय असं वाटू शकतं. मग हाताला काम द्या. पाच मिनिटांपूर्वीचं बोलणं पुसलं जातं, पण हाताला मुरलेलं फार उशिरा जातं. कापसाचा पुंजका पुढे ठेवून बघा. दुधाचं बोट लावून त्या फुलवातीचं टोक असं वळतील की तुम्हा-आम्हाला जमणार नाही. मेथी निवडायला द्या, शेंगा सोलायला द्या. देठ आणि पानं एकत्र झाली तर झाली. निवडलेली भाजी त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा निवडू नका. आणि अधूनमधून त्यांना खरंच गंगेवर न्या की! थंडीतल्या दिवसांत, ऊन पडल्यावर, रिक्षाने, दंडाला धरून, पायरीवर जरा वेळ बसवून. बुधवारच्या बाजाराच्या गर्दीत नको, पावसाळ्यात नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी टेकलेलं असताना तर नकोच. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. 'आईंना पर्वणीचं स्नान घडवू' असं घरात कुणीतरी नक्की म्हणेल. ऐकू नका. त्या गर्दीत धडधाकट माणसं हरवतात. तांब्याभर पाणी घरी आणा, तेवढं पुरे.

आंघोळीचं थोडक्यात. तुम्हाला ती पाच मिनिटांची वाटते, त्यांना ती उघडं पडणं, थंडी, आणि डोक्यावर अचानक येणारं पाणी अशी वाटते. नाशिकच्या थंडीत सकाळी सातला आग्रह धरूच नका, दुपारी बाराला करा. शॉवर बंद, बादली आणि तांब्या. खांद्यावर पंचा राहू द्या, पाणी आधी पायांवर घाला, केस वेगळ्या दिवशी धुवा. 'आंघोळीला चला' म्हणण्यापेक्षा 'पाय शेकू या का, तेल लावते' म्हणून बघा. आठवड्यात दोन-तीनदा झाली तरी खूप. बाकीच्या दिवशी ओल्या कापडाने पुसून घ्या.

हे सगळं तुम्ही एकटीने करायचं, असा जर या उत्तराचा अर्थ निघत असेल तर तो खोडून टाका. नणंदबाईंशी भांडू नका, त्यांना बोलवा. दोन दिवसांसाठी नको, पंधरा दिवसांसाठी, आणि त्या पंधरा दिवसांत तुम्ही माहेरी जा. आईंनी दोन दिवस पदर सावरला, पंधरा दिवस सावरणार नाहीत. परत आल्यावर तुम्हाला काही समजावून सांगावं लागणार नाही. मिस्टरांकडे रात्र द्या. 'मदत कर' असं म्हणू नका, त्याने काम तुमचंच राहतं. रात्री दहा ते सकाळी सहा आईंचं सगळं त्यांचं, इतकं सरळ ठरवा. आणि ब्युरोकडून दिवसाची मावशी लावा.

पैसे कुठून? सासरे केंद्र सरकारचे पेन्शनर असतील तर आईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल. ऐंशी पूर्ण झाल्यावर त्याच्या मूळ रकमेवर २० टक्के जादा मिळतात. पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) आईंची जन्मतारीख नोंदलेली नसली की ही वाढ अडकून बसते, तेव्हा मिस्टरांना याच आठवड्यात बँकेत पाठवा. हयातीचा दाखला ऐंशीच्या पुढच्यांना नोव्हेंबरऐवजी ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्याही होतो. हा पैसा आईंचा आहे, आईंच्या मावशीवर खर्च झाला तर त्यात कुणाचे उपकार नाहीत. नणंदबाईंनाही दरमहा वाटा सांगायला लाजू नका.

कागदपत्रांचं एवढंच: बँकेचं खातं मुलासोबत जोडून घ्यायचं असेल, नॉमिनी लावायचे असतील, तर आईंना अजून समजतंय तोवर, बँकेला आणि डॉक्टरांना खरी परिस्थिती सांगून करा. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. ते देणाऱ्याला निर्णय घेण्याची समज राहिली नाही की कायद्याने ते संपतं, आणि पुढे पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. घराच्या, वाड्याच्या मोबदल्याच्या कुठल्याही कागदावर घाईने अंगठा घेऊ नका, मग तो कुणाच्याही भल्यासाठी असो. ज्येष्ठांच्या हक्काबद्दल किंवा सोयीबद्दल काही विचारायचं असेल तर १४५६७ ही एल्डरलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते.

पुढे कधी घरी झेपेनासं झालं आणि वृद्धांना सांभाळणाऱ्या केंद्रात ठेवायची वेळ आली, तर तेही घर मोडणं नव्हे. तेव्हा पुन्हा लिहा.

राहिलं सहस्रचंद्रदर्शन. ते कराच, नणंदबाईंचं या बाबतीत बरोबर आहे. पण हॉल नको. माईक, सनई, दोनशे अनोळखी चेहरे, जो तो वाकून पाया पडतोय, यात आई घाबरतील आणि मग सगळ्यांसमोर जे होईल ते तुमच्याच माथी येईल. घरीच करा, सकाळी दहाला, त्या ताज्या असतात तेव्हा. जवळची पंधरा-वीस माणसं, तीही टप्प्याटप्प्याने. त्यांच्या रोजच्या खुर्चीवर बसवून औक्षण करा. गुरुजींना आधीच सांगा की विधी आटोपशीर हवा आणि मध्येच उठल्या तर उठू द्यायचं. दुपारी त्यांची झोप चुकवू नका, पाहुणे असले तरी.

आमंत्रण देतानाच प्रत्येकाला एक विनंती करा: 'ओळखलंत का मला?' हे कुणीही विचारायचं नाही. आल्याबरोबर स्वतःच सांगायचं, 'मावशी, मी सिन्नरच्या बेबीची मुलगी', आणि हातात हात घ्यायचा. नाव चुकीचं घेतलं तर त्याच नावाने ओ द्यायची. जेवणाची वेळ साडेबाराची ठेवा आणि आईंचं ताट सगळ्यांच्या आधी वाढा.